पन्नाशीनंतर ४०१(के) आणि आयआरएमध्ये किती टाकता येतं? २०२६ साठी पायरीवार आखणी

अमेरिकेत नोकरीला लागलेले आपण बहुतेक जण ४०१(के)चा, म्हणजे पगारातून कापून कंपनीच्या निवृत्ती खात्यात जाणार्‍या पैशांचा, टक्का एकदा ठरवतो आणि मग वर्षानुवर्षं त्याकडे ढुंकून बघत नाही. त्यातही अनेकांनी पहिली काही वर्षं ‘दोन-चार वर्षांत परतच जायचंय’ म्हणत कंपनीच्या मॅचपुरतेच (कंपनी आपल्या जोडीने जेवढे टाकते तेवढेच) पैसे टाकलेले असतात. मग ग्रीन कार्ड, घर, मुलांचं कॉलेज, आणि एक दिवस लक्षात येतं की निवृत्तीला दहा-बारा वर्षंच उरली आहेत. अशा उशिरा जागे झालेल्यांसाठी कायद्यात २००२ पासून एक सोय आहे. पन्नाशी गाठली की नेहमीच्या मर्यादेवर आणखी काही रक्कम टाकता येते. तिला कॅच-अप म्हणतात.

या कॅच-अपचे नियम गेल्या दोन वर्षांत बरेच बदलले आहेत आणि एक आकडा पाठ करून आता भागत नाही. तुमची मर्यादा तीन गोष्टींवर ठरते: वर्षअखेरीला तुमचं वय, गेल्या वर्षी याच कंपनीने दिलेला पगार, आणि कंपनीच्या प्लॅनने काय काय मान्य केलं आहे. ही तिन्ही उत्तरं हातात आल्याशिवाय वेबसाइटवर जाऊन टक्का वाढवायला बसू नका. खालचे सगळे आकडे २०२६ या कॅलेंडर वर्षाचे आहेत. पुढच्या वर्षाचे आकडे आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास जाहीर करते, तेव्हा ते पुन्हा तपासायचे.

पायरी १: वय ३१ डिसेंबरचं धरा

कॅच-अपसाठी वाढदिवसाची वाट बघावी लागत नाही. ज्या वर्षी पन्नास पूर्ण होणार, त्या वर्षीच्या १ जानेवारीपासूनच तुम्ही पात्र. म्हणजे तुमचा जन्म १९७६ चा किंवा त्याआधीचा असेल, तर २०२६ चं अख्खं वर्ष तुमचं. डिसेंबरात वाढदिवस असणारे हमखास इथे चुकतात. ‘अजून पन्नास कुठे झाली’ म्हणत वर्ष घालवतात.

साठ, एकसष्ट, बासष्ट आणि त्रेसष्ट या चार वर्षांसाठी २०२५ पासून आणखी मोठी मुभा आहे. तिला बोलताना सगळे सुपर कॅच-अप म्हणतात. २०२६ मध्ये ती १९६३ ते १९६६ या काळात जन्मलेल्यांना लागू होते. चौसष्टाव्या वर्षी ती संपते आणि तुम्ही पुन्हा साध्या कॅच-अपवर येता. इथेही वय ३१ डिसेंबरचंच. डिसेंबर १९६३ चा जन्म असलेला माणूस २०२६ मध्ये जवळजवळ वर्षभर बासष्टचाच असतो, पण त्याच्यासाठी सुपर कॅच-अपचं हे शेवटचं वर्ष. २०२७ मध्ये तो अकरा महिने त्रेसष्टचा असेल, तरी वर्षअखेरीला चौसष्ट होणार म्हणून मुभा गेलेली असेल. तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याआधी जन्मसाल बघा.

पायरी २: आपलं खातं कोणतं, आणि त्याची मर्यादा किती

४०१(के), शाळा-विद्यापीठं-रुग्णालयांमधलं ४०३(बी), राज्य किंवा स्थानिक सरकारचं ४५७(बी) आणि केंद्र सरकारी कर्मचार्‍यांचं टीएसपी, या सगळ्यांची पगारातून कापून घ्यायची मूळ मर्यादा सारखीच आहे:

– पन्नाशीच्या आत: २४,५०० डॉलर
– पन्नास ते एकोणसाठ, आणि चौसष्टपासून पुढे: त्यावर ८,००० डॉलर, एकूण ३२,५००
– साठ ते त्रेसष्ट: त्यावर ११,२५० डॉलर, एकूण ३५,७५०

११,२५० ही रक्कम ८,००० च्या जागी येते, तिच्यावर नाही. दोन्हींची बेरीज करून वर्षाच्या शेवटी पैसे परत घ्यायची वेळ आणू नका.

छोट्या कंपनीत सिंपल आयआरए (छोट्या कंपन्यांसाठीचा निवृत्ती प्लॅन) असेल, तर सर्वसाधारण मर्यादा १७,००० आहे. पन्नाशीनंतर ४,००० आणि साठ ते त्रेसष्टमध्ये ५,२५० जादा. आपण स्वतः उघडतो त्या वैयक्तिक निवृत्ती खात्याची, म्हणजे आयआरएची (पारंपरिक म्हणजे आत्ता सवलत, काढताना कर; रॉथ म्हणजे आत्ता कर, पुढे करमुक्त; दोन्ही मिळून) मर्यादा ७,५००, पन्नाशीनंतर १,१०० जादा, एकूण ८,६००. आयआरएमध्ये सुपर कॅच-अप नाही.

कंपनीचा मॅच या मर्यादेत धरत नाहीत. हे सांगावं लागतं, कारण ‘माझे चोवीस हजार झाले, कंपनीचे सहा हजार झाले, म्हणजे मी मर्यादेपुढे गेलो’ असं मानून टक्का कमी करणारे लोक खरंच भेटतात. तुमचे आणि कंपनीचे मिळून वेगळी मर्यादा आहे, ७२,००० डॉलर, आणि कॅच-अप तिच्याही बाहेर. म्हणजे पन्नाशीनंतर एकूण ८०,००० आणि साठ ते त्रेसष्टमध्ये ८३,२५०. नेहमीच्या पगारदाराला या मोठ्या आकड्याशी सहसा देणंघेणं नसतं. प्लॅनमध्ये कर भरल्यानंतरचे पैसे टाकायची वेगळी सोय असेल किंवा स्वतःचा धंदा असेल, तरच तो कामाला येतो.

विद्यापीठात किंवा सरकारी रुग्णालयात काम करत असाल, तर हा परिच्छेद नीट वाचा. ४०१(के) आणि ४०३(बी) यांची मर्यादा सामाईक असते, पण ४५७(बी)ची वेगळी मोजतात. ज्याच्याकडे ४०३(बी) आणि सरकारी ४५७(बी) दोन्ही आहेत, त्याला पन्नाशीनंतर दोन्हींत प्रत्येकी ३२,५०० टाकता येतात. शिवाय ४५७(बी)मध्ये प्लॅनच्या ठरलेल्या निवृत्तिवयाआधीच्या तीन वर्षांत मर्यादा दुप्पट, म्हणजे ४९,००० पर्यंत जाऊ शकते. अट अशी की मागच्या वर्षांत तेवढी जागा न वापरता सुटलेली असली पाहिजे, आणि त्या वर्षी वयाचं कॅच-अप तिथे वेगळं मिळत नाही. दोन्हींतलं जे मोठं ते घ्यायचं. ४०३(बी)मध्येही एकाच संस्थेत पंधरा वर्षं झालेल्यांना वर्षाला ३,००० पर्यंत जादा टाकायची तरतूद आहे, आयुष्यभरात मिळून १५,००० पर्यंत, पण ती प्लॅनने स्वीकारलेली असली तरच. एचआरला हे आपण होऊन विचारावं लागतं. कुणी दारात येऊन सांगत नाही.

स्वतःचं कन्सल्टिंग असणार्‍यांनी सेप आयआरए आणि सोलो ४०१(के) या स्वयंरोजगारासाठीच्या दोन खात्यांतला फरक पन्नाशीला पुन्हा तपासावा. सेपमध्ये पन्नाशीनंतरचं कॅच-अप नाही, सोलो ४०१(के)मध्ये आहे. तिशीत सेप उघडताना हा मुद्दा कुणाच्या डोक्यात नसतो.

पायरी ३: गेल्या वर्षीचा डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा वार्षिक दाखला) काढा आणि तिसरी चौकट बघा

१ जानेवारी २०२६ पासून लागू झालेला हा सगळ्यात मोठा बदल. २०२५ मध्ये तुमच्या सध्याच्या कंपनीने दिलेला सोशल सिक्युरिटीपात्र (ज्यावर सरकारी पेन्शनचा कर कापतात तो) पगार दीड लाख डॉलरपेक्षा जास्त असेल, तर २०२६ चं कॅच-अप फक्त रॉथमध्ये टाकता येतं. म्हणजे आधी कर भरायचा आणि मग पैसे टाकायचे. मूळ २४,५०० अजूनही करपूर्व टाकता येतात. सक्ती फक्त वरच्या ८,००० किंवा ११,२५० वर आहे. आयआरएच्या १,१०० ला हा नियम लागत नाही.

गोंधळ होतो तो चौकटीचा. डब्ल्यू-२ च्या पहिल्या चौकटीतला आकडा ४०१(के)चे करपूर्व पैसे वजा करून आलेला असतो, तिसर्‍या चौकटीतला तसा नसतो. पहिल्या चौकटीत १,३२,००० दिसले म्हणून तुम्ही निर्धास्त होता, आणि तिसरीत १,५६,००० असतात. नियम तिसरी चौकट बघतो.

उलट बाजूही आहे. पगारातून कापला जाणारा आरोग्यविम्याचा हप्ता आणि पगारातून एचएसएमध्ये (औषधोपचारासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) जाणारे पैसे तिसर्‍या चौकटीतूनही वजा होतात. एकूण पगार १,५६,०००, विम्याचा हप्ता ५,२०० आणि एचएसएमध्ये ३,००० असतील, तर तिसर्‍या चौकटीत १,४७,८०० येतात आणि रॉथची सक्ती टळते. उंबरठ्याच्या आसपास असलेल्यांनी यंदाचं हे गणित पुढच्या वर्षासाठी आत्ताच मांडावं, कारण २०२७ साठी २०२६ चा पगार बघतील. उंबरठा महागाईप्रमाणे सरकतो, तेव्हा दीड लाखच राहील असं मात्र धरू नका.

नियम ‘याच कंपनीचा’ पगार बघतो. २०२५ च्या डिसेंबरात नोकरी बदलून नव्या कंपनीत आलात आणि तिथे त्या वर्षी एकच महिना पगार मिळाला, तर जुन्या कंपनीत दोन लाख मिळत असले तरी २०२६ मध्ये सक्ती लागत नाही. भागीदारी फर्ममधले भागीदार आणि स्वयंरोजगार करणारे यांना असा पगार नसतोच, म्हणून तेही यातून सुटतात.

प्लॅनमध्ये रॉथची सोयच नसेल तर? मग दीड लाखाच्या वरच्यांना त्या प्लॅनमध्ये कॅच-अप करता येत नाही. असं असेल तर एचआरकडे रॉथची मागणी लेखी नोंदवा. हा प्रश्न एकट्या तुमचा नसतो.

सक्तीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. २४ टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला ८,००० वर आज १,९२० डॉलर कर जास्त जातो, हे खरं. पण आपल्यापैकी बहुतेकांचा सगळा साठा करपूर्व खात्यात असतो. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पंचाहत्तराव्या वर्षापासून त्यातून दरवर्षी ठराविक रक्कम काढून तिच्यावर कर भरावाच लागतो. ४०१(के)मधल्या रॉथला २०२४ पासून अशी सक्ती नाही. वीस-पंचवीस टक्के रक्कम तरी रॉथमध्ये असणं म्हातारपणी सोयीचं पडतं, असं मला वाटतं. निवृत्तीनंतर लवकरच उत्पन्न अगदी कमी होणार असेल, तर मात्र हा हिशोब उलटा लागतो.

एक छोटं काम याच पायरीत उरकून टाका. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल, तर थोडेसे पैसे टाकून स्वतःची एक रॉथ आयआरए उघडून ठेवा. पुढे ४०१(के)मधलं रॉथ तिकडे वळवलं, तर करमुक्त कमाईसाठी पाच वर्षं मोजताना त्या आयआरएचं वय धरलं जातं. निवृत्तीच्या दिवशी उघडलेल्या खात्याला पुन्हा पाच वर्षं थांबावं लागतं.

पायरी ४: प्लॅनला विचारा

कॅच-अप देणं कंपनीवर बंधनकारक नाही, आणि साठ ते त्रेसष्टचं जादा कॅच-अप तर बिलकुल नाही. बहुतेक मोठे प्लॅन साधं कॅच-अप देतात. एचआरला किंवा प्लॅनच्या फोनवर चार प्रश्न विचारा. सुपर कॅच-अप आहे का? कॅच-अपसाठी वेगळी नोंद करावी लागते, की मूळ मर्यादा भरली की पुढचे पैसे आपोआप कॅच-अपमध्ये जातात? टक्केवारीच देता येते, की डॉलरमध्येही आकडा टाकता येतो? आणि मॅच दर पेचेकला मोजता, की वर्षअखेरीला पुन्हा हिशोब करून फरक देता?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. काही वेबसाइटांवर कॅच-अपची वेगळी चौकट असते. ती रिकामी सोडली, तर २४,५०० ला कपात थांबते आणि डिसेंबरात पगार अचानक वाढलेला दिसतो. तो वाढलेला पगार बघून खूश होऊ नका, आधी ती चौकट शोधा.

पायरी ५: पेचेकचं गणित

दर दोन आठवड्यांनी पगार होणार्‍या कंपनीत वर्षाला २६ पेचेक. पन्नाशीच्या माणसाला ३२,५०० भरायचे असतील, तर दर पेचेकला बरोबर १,२५० डॉलर. एकसष्टच्या माणसाला ३५,७५० साठी १,३७५. महिन्यातून दोनदा पगार असेल, तर २४ ने भागा.

प्लॅन टक्केवारीच मागत असेल, तर वर्षाच्या पगाराने भागा. १,४३,००० पगार असलेल्या एकसष्टच्या माणसाला पंचवीस टक्के लावले की ३५,७५० होतात. बोनसवरही तीच टक्केवारी लागत असेल, तर मर्यादा लवकर भरते, तेव्हा बोनस धरून भागाकार करा. वर्षाच्या मध्यात सुरुवात करत असाल, तर पे-स्टबवरचा ‘वर्षारंभापासून’ हा रकाना बघा. एकूण मर्यादेतून तो आकडा वजा करा आणि उरलेल्या पेचेकने भागा. जूनअखेर १२,००० गेले असतील आणि तेरा पेचेक उरले असतील, तर ३५,७५० साठी दर वेळी साधारण १,८२७ डॉलर लागतील.

आता रॉथची सक्ती असलेल्याचं वर्ष जवळून बघू. पन्नाशीचा माणूस दर पेचेकला १,२५० करपूर्व टाकतोय. एकोणीस पेचेकमध्ये २३,७५० होतात. विसाव्या पेचेकला, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ७५० करपूर्व जातात आणि मूळ मर्यादा भरते. त्याच पेचेकचे उरलेले ५०० आणि पुढच्या सहा पेचेकचे पूर्ण १,२५० रॉथमध्ये जातात. बेरीज बरोबर ८,०००. पण त्या सहा पेचेकमध्ये हातात येणारा पगार कमी झालेला असतो, कारण आता १,२५० वर करही कापला जातोय. पेरोलकडे ‘पगार का कमी आला’ असे फोन ऑक्टोबरात वाढणार, ते यामुळे. हा खड्डा नको असेल, तर वर्षाच्या सुरुवातीपासूनच थोडे पैसे रॉथमध्ये टाका. ते सक्तीच्या रकमेत धरण्याची मुभा प्लॅनला आहे. तुमचा प्लॅन तसं करतो का, ते विचारून घ्या.

मॅचच्या बाबतीत घाई नडते. समजा पगार १,३०,०००, म्हणजे पेचेक ५,०००. कंपनी पगाराच्या पाच टक्क्यांपर्यंत तुमच्या बरोबरीने टाकते, म्हणजे दर पेचेकला २५०. एखाद्याने ‘लवकर गुंतवले तर लवकर वाढतील’ म्हणून दर पेचेकला २,५०० टाकले आणि जूनअखेर ३२,५०० पुरे केले. पुढच्या तेरा पेचेकमध्ये त्याची कपात शून्य, म्हणून मॅचही शून्य. वर्षअखेरीला फरक देणारी कंपनी नसेल, तर ३,२५० डॉलर गेले. मॅच पेचेकनुसार मिळत असेल, तर शेवटच्या पेचेकपर्यंत निदान मॅचपुरती कपात चालू राहील असं बसवा.

४०१(के)चे पैसे पगारातूनच जातात. डिसेंबरचा शेवटचा पेचेक झाला, की त्या वर्षाची राहिलेली जागा गेली. बँकेतून चेक देऊन ती भरता येत नाही. बदल लागू व्हायला एक-दोन पेचेक जाऊ शकतात, म्हणून डिसेंबरची वाट बघू नका.

नोकरी बदलली तर

मर्यादा माणसाची असते, कंपनीची नाही. नव्या कंपनीचा पेरोल शून्यापासून मोजतो आणि जुन्या कंपनीत किती गेले, हे त्याला ठाऊक नसतं. जुलैमध्ये नोकरी बदलली आणि आधी १८,००० गेलेले असतील, तर पन्नाशीच्या माणसाला नव्या ठिकाणी १४,५०० च टाकता येतात. बारा पेचेक उरले असतील, तर १,२०८. हा हिशोब दुसरं कुणी ठेवणार नाही. वर्षात दोन-तीन क्लायंट आणि दोन एम्प्लॉयर बदलणार्‍या आयटी कन्सल्टंटांनी तर जुना शेवटचा पे-स्टब जपूनच ठेवावा. वर्षअखेरीला सगळ्या डब्ल्यू-२ च्या बाराव्या चौकटीतले डी आणि एए या अक्षरांपुढचे आकडे मिळवून बघा. डी करपूर्व ४०१(के), एए रॉथ ४०१(के).

जास्त गेलेच, तर पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलच्या आत कोणत्या तरी एका प्लॅनकडून जादा रक्कम आणि तिच्यावरची कमाई परत मागून घ्या. कर भरायला मुदतवाढ घेतली, तरी ही तारीख पुढे जात नाही, आणि प्लॅनला स्वतःचा वेळ लागतो, म्हणून फेब्रुवारीतच कळवा. तारीख चुकली तर त्या रकमेवर आत्ता एकदा आणि पुढे काढताना पुन्हा, असा दोनदा कर बसतो. आयआरएमध्ये जास्त गेले, तर ते काढेपर्यंत दरवर्षी सहा टक्के दंड.

पायरी ६: आयआरए, आणि घरी असलेल्या जोडीदाराची

४०१(के) असलं तरी आयआरए उघडता येते. प्रश्न असतो तो करसवलतीचा. नोकरीच्या ठिकाणी प्लॅन असलेल्या जोडप्याला पारंपरिक आयआरएची वजावट १,२९,००० ते १,४९,००० या उत्पन्नाच्या दरम्यान कमी होत संपते. एकट्याने रिटर्न भरणार्‍याला ८१,००० ते ९१,००० दरम्यान. रॉथ आयआरएमध्ये टाकण्याचा हक्क जोडप्याला २,४२,००० ते २,५२,००० मध्ये संपतो, एकट्याला १,५३,००० ते १,६८,००० मध्ये. त्यावरच्या उत्पन्नाचे लोक आधी पारंपरिकमध्ये टाकून मग रॉथमध्ये वळवतात. तो मार्ग चालतो, पण जुन्या करपूर्व आयआरएमध्ये पैसे पडून असतील, तर वळवलेल्या रकमेच्या मोठ्या भागावर कर बसतो. सगळ्या आयआरए एकत्र धरून प्रमाण काढतात. हे न बघता तो मार्ग धरू नका.

आपल्याकडे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर किंवा मुलं लहान असताना नोकरी सोडलेल्या बायकांच्या नावावर निवृत्तीचं एकही खातं नाही, हे चित्र सर्रास दिसतं. संयुक्त रिटर्न भरत असाल, तर एकाच्या कमाईवर दोघांनाही स्वतंत्र आयआरए भरता येते. दोघं पन्नाशीपुढचे असतील, तर प्रत्येकी ८,६००, मिळून १७,२००. जोडीदार नोकरी करत नसेल आणि त्याच्याकडे प्लॅन नसेल, तर त्याच्या पारंपरिक आयआरएची वजावट २,४२,००० पर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण मिळते. पैसे ज्याच्या नावाचे त्याचेच राहतात, आणि मला तरी ही गोष्ट करसवलतीपेक्षा मोठी वाटते.

आयआरएला कमाई लागते, आणि कमाई म्हणजे कामाचा मोबदला. भारतातल्या एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, पेन्शन, सोशल सिक्युरिटी यांतलं काहीही चालत नाही. ग्रीन कार्डवर आलेले वडील दुकानात अर्धवेळ काम करून वर्षाला ६,००० मिळवत असतील, तर त्यांची मर्यादा ६,०००. वयाची वरची अट मात्र २०२० पासून उठली आहे. कमाई असेल तर ऐंशीव्या वर्षीही आयआरए भरता येते.

पायरी ७: एचएसए आणि मेडिकेअरची अडचण

जास्त डिडक्टिबलचा (विमा पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम जास्त असलेला) विमा असेल, तर एचएसए विसरू नका. २०२६ ची मर्यादा एकट्याला ४,४००, कुटुंबाला ८,७५०, आणि कॅच-अप इथे पन्नाशीला नाही, पंचावन्नाला सुरू होतं: १,००० डॉलर. नवरा-बायको दोघंही पंचावन्नच्या पुढचे असतील, तर दोघांच्या नावे वेगळी एचएसए लागते. एकाच खात्यात दोन हजार टाकता येत नाहीत.

मेडिकेअर, म्हणजे पासष्टनंतरचा सरकारी आरोग्यविमा, सुरू झालं की एचएसएमध्ये पैसे टाकणं बंद. पासष्टनंतरही कंपनीच्या विम्यावर राहून नोकरी करणारे आणि मग सदुसष्टाव्या वर्षी सोशल सिक्युरिटी मागणारे यात अडकतात. तेव्हा मेडिकेअरचा भाग ए (रुग्णालयाच्या खर्चाचा) सहा महिने मागून लागू धरला जातो आणि त्या सहा महिन्यांत एचएसएमध्ये गेलेले पैसे जादा ठरतात. म्हणून सोशल सिक्युरिटी किंवा मेडिकेअरचा अर्ज करण्याच्या सहा महिने आधी एचएसएची कपात थांबवा.

सगळं भरणं जमत नसेल तर

३५,७५० हे कमाल आहे, कर्तव्य नाही. मुलाचं कॉलेज चालू असताना, भारतात आईवडिलांच्या औषधपाण्याला पैसे जात असताना हा आकडा गाठणं प्रत्येकाला शक्य नसतं. मी क्रम असा लावतो: आधी पूर्ण मॅच मिळेल इतकं, मग क्रेडिट कार्डासारखं महाग कर्ज, मग एचएसए, मग मूळ मर्यादेकडे जमेल तसा टक्का, आणि शेवटी कॅच-अप. घरावर कर्ज काढून कॅच-अप भरण्याचा सल्ला मी कुणालाच देणार नाही. दरवर्षी पगारवाढ होते, त्या पेचेकपासून एक-दोन टक्के वाढवले तर हातातला पगार कमी झाल्याचं जाणवत नाही.

पासष्टनंतरही नोकरी करणार्‍यांसाठी एक बारकावा. २०२५ ते २०२८ या वर्षांत पासष्टपुढच्या प्रत्येकाला ६,००० डॉलरपर्यंत जादा वजावट आहे. ती एकट्याला ७५,००० आणि जोडप्याला दीड लाख उत्पन्नानंतर सहा टक्के दराने कमी होत जाते. अशा वेळी करपूर्व ४०१(के)मध्ये टाकलेले पैसे उत्पन्न खाली आणतात आणि वजावटीचा काही भाग परत मिळवून देतात. रॉथमध्ये टाकले तर तसं होत नाही.

आणि भारतात परतायचं नक्की असेल, तर रॉथकडे जास्त झुकण्याआधी भारतीय कर जाणणार्‍या सीएशी बोला. रॉथ करमुक्त आहे तो अमेरिकेच्या कायद्याने. तिकडचे रहिवासी झाल्यावर भारताचा कर स्वतंत्रपणे बघावा लागतो, आणि ४०१(के)मधल्या कमाईवर भारतात कधी कर लागावा यासाठी तिकडे वेगळा पर्याय वेळेत निवडावा लागतो.

आयआरए आणि एचएसएला डिसेंबरची मुदत नाही. २०२६ साठीचे पैसे १५ एप्रिल २०२७ पर्यंत टाकता येतात. फक्त जानेवारी ते एप्रिलमध्ये टाकताना वेबसाइट ‘कोणत्या वर्षासाठी’ असं विचारते आणि बरेचदा चालू वर्ष आधीच निवडलेलं असतं. तिथे २०२६ निवडा, आणि पुष्टीचा कागद टॅक्सच्या फाइलमध्ये ठेवा.